टोपीवाल्याचं बारसं

ये गं बाई, अशी जवळ सरकून बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे चिखलीत, तरी बस; मला लिहितानासुद्धा समोर कोणी असल्याशिवाय सुचत नाही. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, तो घोड्या-बंदुकांचा जुना इंग्रजी सिनेमा होता ना, तो आता नव्यानं काढलाय. दोन्ही पाहिले. जुना रटाळ, नवा भारी." झालं? चहा पिता पिता निकाल? अगं, आमच्या देऊळगाव राजात अशाच एका जुन्या-नव्याचा निकाल लावायला बालाजीची सबंध यात्रा पुरली नव्हती. गल्लीत दोन तट पडले, गुरुजी अडचणीत आले, एका माणसाचा कान बसला, आणि एका बाईचं कुंकू राहायचं की पुसायचं ते त्या निकालावर येऊन ठेपलं. तुला ते सांगितल्याशिवाय माझा चहा गळ्याखाली उतरायचा नाही.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, मोठे साहेब नागपुरात. माझे बाबा देऊळगावच्या पोस्टात कारकून, आणि ज्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहत होतो ते मालककाका. नाव सांगत नाही. गाव त्यांना मालक म्हणायचं, आम्ही पोरं मालककाका. उंच, वाळके, चालताना पुढे झुकलेले, जणू काही सांडलंय ते शोधतायत. शेती बटाईने दिलेली, बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळा वेळ धर्माला मोकळा.

आणि त्यांचा धर्म म्हणजे तरी काय, तर कोणाचं काही करायचं राहून जाऊ नये. अंगणात चिमणी मरून पडली तर हे आंघोळ करून येणार. आई म्हणायची, "अहो, चिमणीचं सुतक तुम्हाला कशाला?" तर म्हणत, "तिचं इथं दुसरं कोन हाय?" एकदा आमच्याकडचा पाहुणा त्यांच्या पाया न पडता निघून गेला. हे धावत मोटारीच्या अड्ड्यावर गेले, सुटलेली मोटार हात करून थांबवली आणि खिडकीतून म्हणाले, "तुमचा आशीर्वाद घरीच राह्यला व्हता." देऊन आले. परसातली बाभूळ तोडायची होती तेव्हा आदल्या संध्याकाळी तिच्याखाली उभे राहून मोठ्यानं सांगितलं, "उद्या सकाळी बिऱ्हाड हलवा बरं!" पाखरांना सांगत होते. माझे बाबा जेवत्या ताटावरून उठून बाहेर आले. त्यांना वाटलं, आपल्यालाच.

घरात दुसरी एक बाई होती, ती म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही तिला काकू म्हणायचो. ठेंगणी, गोरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मालककाका तिचे भासरे, म्हणजे समोर यायचं नाही, बोलायचं नाही. पण घरात माणसं दोनच, मग बोलणार कसे? तर ती ओसरीच्या खांबाशी बोलायची. "खांबा, पानं वाढली म्हणाव." आणि हे अंगणातल्या गाईला सांगायचे, "कपिले, वरणात मीठ नाई म्हणा." गाय आणि खांब दोघं फार सोशिक होते.

काकूचा नवरा कुठे होता? तेच तर. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा तो सरकीची गाडी घेऊन मलकापूरच्या बाजाराला गेला. गाडी परत आली, बैल आले, गाडीवान आला. तो आला नाही. कोणी म्हणे पूर्णेच्या पुरात गेला, कोणी म्हणे नागपूरच्या मिलमधे दिसला, कोणी म्हणे गोसावी झाला. आपल्यात रीत अशी, की बारा वर्षं वाट पाहायची, आणि मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, आणि त्या घराण्यात अजून डोक्यावरचे केसही जायचे.

हे लक्षात ठेव, आणि आता सिनेमाकडे चल.

यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा. मी सहा-सात वर्षांची असताना आला तो मुका होता. विलायती घोडेस्वार, डोक्यावर परातीएवढी टोपी, कमरेला दोन पिस्तुलं. एका उजाड गावात येतो. तिथली विहीर चार गुंडांनी दाबून ठेवलेली असते. हा एकटा त्यांच्याशी लढतो, विहीर सोडवतो आणि शेवटी छातीत गोळी लागून मरतो. तंबूवाला पेटी वाजवत ओरडून सगळं समजावून सांगायचा, "आता पाहा, टोपीवाला पानी पाजून राह्यला!" कारण त्या माणसाची रीत अशी, की विहिरीवर आला की आधी घोड्याला पाजायचं, मग आपण प्यायचं. तेवढ्यावर मालककाकांचा जीव जडला.

बायका कुठे बसायच्या माहीत आहे? पडद्याच्या मागे. तंबूच्या मधोमध कापडाचा पडदा, त्याच्यावर सारखं पाणी मारायचे म्हणजे चित्र पलीकडे उमटतं. पुढून पुरुष बघायचे, मागून आम्ही. काकू, आई आणि मी ओल्या पडद्याच्या गारव्यात बसून पाहिला.

टोपीवाला मेला तेव्हा पडद्यातल्या गावकऱ्यांनी टोप्या काढल्या, मातीत पुरलं आणि घरी गेले. पुरुषांच्या बाजूने मालककाकांचा आवाज आला, "अन् आंघोळ?" कोणी केली नाही. तेव्हा ते स्वतः उठले, नदीवर गेले आणि बुडी मारून आले. पुढच्या सर्वपित्रीला पितरांना पाणी देताना शेवटी एक ओंजळ त्याला. गुरुजी म्हणाले, "गोत्र?" मालककाका म्हणाले, "ज्याचं गोत्र माहीत नाई त्याचं काश्यप, हे तुमीच शिकवलं." मग "काश्यपगोत्र टोपीवाला" असा संकल्प सुटला. तेव्हापासून दर वर्षी. गावाला सवय झाली. भाद्रपद लागला की लोक विचारायचे, "मालक, यंदा टोपीवाल्याले खीर का पुरन?"

एवढ्या सगळ्यांचं करणारा माणूस, पण सख्ख्या भावाची गोष्ट काढली की उठून गाईला चारा टाकायला जायचा.

बारा वर्षं भरत आली तसे अमडापूरचे चुलतभाऊ खेपा घालू लागले. त्यांच्या पोरीचं लग्न जमेना, तर त्याचं कारण इकडे अडकलेला आत्मा. म्हैस आटली, आत्मा. एकदा तर त्यांचं धोतर बोराटीत फाटलं तेही आत्म्यानंच फाडलं. "दादा, दिवाळी झाली की उरकून टाका," ते म्हणाले. "हाव," मालककाका म्हणाले. कारण रीत होती, आणि रीत राहून जाऊ देणं त्यांना येत नव्हतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. खांबाने दोनदा बोलावलं.

काकू रडलीबिडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं आणि आपल्या कपाटातल्या हिरव्या बांगड्या, डझनभर, माझ्या परकरात ठेवल्या. "तुले मोठी झाल्यावर होतीन," म्हणाली. मी धावत आईकडे दाखवायला गेले, आणि आईने मला जवळ घेऊन उगीचच दोन धपाटे घातले.

आणि नेमका त्याच वर्षी यात्रेत बोलका सिनेमा आला. तंबूवाला तोच, आता त्याच्याकडे इंजिन आणि भोंगा. बाहेर रंगीत पाटी: परातीएवढी टोपी, घोडा, विहीर. तोच सिनेमा पुन्हा नव्याने काढलेला. मालककाका पहिल्याच खेळाला, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, म्हणजे शेवटी लगेच तर्पण करता येईल.

आता पडदा कापडाचाच, पण मागे भोंगा ठेवलेला, त्यामुळे बायकाही पुढेच, दोरीच्या पलीकडे. तीच कथा. तेच गुंड, तीच विहीर. टोपीवाला मात्र भरलेल्या अंगाचा, गालावर लाली मारल्यासारखा, आणि घोड्यावर बसून गातो! इंग्रजीत काय बोलत होता ते कोणालाच कळेना. लोक बाबांना म्हणाले, "पोस्टमास्तर, सांगा ना काय म्हनते." बाबांना इंग्रजी येत होतं ते तारेतलं. ते घाम पुसत म्हणाले, "बहुतेक... ताबडतोब निघा म्हणतोय."

शेवटी गोळी लागली. टोपीवाला पडला. मालककाकांनी तांब्या उचलला. आणि तो मेलेला माणूस उठून बसला! खिशातून लोखंडी डबी काढली, तिच्यात गोळी अडकलेली. हसला, गावातल्या एका पोरीला घोड्यावर मागे बसवलं, गात गात निघून गेला.

तंबूत टाळ्या. मालककाका उभे. पाणी सांडून धोतर भिजलेलं. "थांबवा!" ओरडले. "अरे थांबवा! जित्या मानसाले पानी पाजत व्हतो मी!"

तू हसशील. आम्हीही हसलो. पण ते सरळ गुरुजींच्या दारात गेले. गुरुजी म्हणाले, "अहो, ते नट असतात. हा वेगळा नट." "नट गेला चुलीत. मानूस तोच का दुसरा, ते सांगा. दुसरा असन तं हा तोतया हाय. तोच असन तं म्या घोर पाप केलं." गुरुजींना जेवायला उशीर होत होता. त्यांनी सांगून टाकलं: जिवंत माणसाचं श्राद्ध झालं असेल तर करणाऱ्याला आणि करवणाऱ्याला दोष. आणि त्या माणसाला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तूप लावून न्हाऊ घालायचं, पाळण्यात ठेवायचं, नाव ठेवायचं. शास्त्रात आहे. असं म्हणून दार लावलं.

मग पडले दोन तट. मालककाका रोज खेळाला जाऊन नवी नवी खूण काढून आणायचे, आणि संध्याकाळी ओसरीवर पंचायत.

"घोडं दोघांचं पांढरं," कोणी म्हणायचं.

"पन हा आधी सोता पेते!" मालककाका तळमळून सांगायचे. "जुना कवा पेला काय घोड्याच्या आधी?"

"मालक, वय झालं त्याचं. तहान धरवत नसन."

"अन् गाते काऊन?"

"मरता मरता वाचल्यावर तुमी नाई गानार?"

हे त्यांना पटायचं. पण तोतयावाल्यांकडे एक भक्कम पुरावा होता, आणि तो पुरावा होती आमची काकू. एका संध्याकाळी आतून आवाज आला, "खांबा, सांग त्यांले. जुना डावखुरा व्हता. डाव्या हातानं गोळी मारे. हा उजव्यानं मारते. मानूस दुसरा हाय."

आईनेही मान डोलावली, मलाही आठवत होतं: डावा हात. गल्लीतल्या सगळ्या बाया म्हणाल्या, डावाच. सगळे पुरुष म्हणाले, उजवा. नवरा-बायकोत भांडणं लागली. सोनाराने बायकोला विचारलं, "मंग काय मी आंधया हाय?" ती म्हणाली, "आता माह्या तोंडून काऊन वदवता?"

बघ कशी बाई ती. टोपीवाला जिवंत निघाला तर कदाचित आपलाही माणूस जिवंत म्हणता येईल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं. डावखुरा मेला, असं तिने सांगितलं आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. थापण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला; चार भाकरींच्या मानाने फारच.

मालककाका दोन दिवस गाईशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात असताना ते उठले, दोरी ओलांडली आणि पडद्यामागे शिरले. "मालक, तिकडं भोंगा हाय!" तंबूवाला ओरडला, तोवर गोळीबार सुरू झाला होता. भोंग्याला कान लावल्यासारखे उभे राहून त्यांनी सगळी लढाई पाहिली. बाहेर आले ते दोन्ही हात वर करून नाचत.

"मांगून तो बी डावखुराच हाय! मांगून तो बी डावखुरा! बाया मांगून पाहत व्हत्या! मानूस एकच हाय! जिता हाय!"

त्यांचा डावा कान त्या दिवशी बसला तो पुढे कधी नीट उघडला नाही. पण तोंड असं उजळलेलं मी त्यांचं आधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन ते अंगणात थांबले, गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कपिले, घरात सांग. तुमी पाह्यलं ते खरं व्हतं. पन उलट्या अंगानं पाह्यलं." आतून आवाज आला, "खांबा... मंग आता त्याचं बारसं करा म्हणाव."

बारसं झालं. थट्टा म्हणून अख्खी गल्ली आली, आणि थट्टा करता करता सगळे कामाला लागले. टोपीवाल्याला पाळण्यात कसं ठेवायचं? ओव्हरसियरची साहेबी सोला टोपी मागून आणली. तिला गुरुजींनी तूप लावलं; ओव्हरसियर दारात उभा राहून "जपून, सरकारी आहे" म्हणत होता. पाळणा बांधला, बायांनी पाळणागीत म्हटलं. आत्या झाली माझी आई. कुर्र करायला वाकली आणि थांबली. "अगं, टोपीला कान कुठाय?" सगळ्या बाया पदर तोंडात कोंबून हसत सुटल्या. नाव काकूने खांबाकरवी सुचवलं होतं: जिवाजी.

आणि घुगऱ्या वाटणं चाललेलं असताना अमडापूरचे चुलतभाऊ दारात. पळसविधीची तिथी काढायला आलेले. पाळण्यात टोपी, टोपीला काजळाची तीट, आणि भोवती गाणाऱ्या सवाष्णी.

"दादा, येड लागलं काय हो?"

"बसा. घुगऱ्या घ्या," मालककाका म्हणाले. मग ते गुरुजींकडे वळले. गुरुजींचं तोंड घुगऱ्यांनी भरलेलं. "गुरुजी, हा मानूस म्या मेलेला पाह्यला. छातीत गोळी, डोळ्यावर माती. तरी तो जिता निघाला. जित्याचं श्राद्ध केल्याचा दोष कोनाले?"

गुरुजींनी गिळलं. "करणाऱ्याला. करवणाऱ्याला."

"अन् करा करा म्हून मांगं लागनाऱ्याले?"

गुरुजींनी चुलतभावांकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. "त्याला... त्यालाही लागतोच."

"मंग ऐका. माह्या भावाले म्या पडताना बी पाह्यलं नाई. त्याले अग्नी कसा देऊ?"

चुलतभाऊ तडकले. "अहो दादा, हा सिनेमा हाय! हा मानूसच खोटा!"

मालककाका शांतपणे म्हणाले, "खोट्या मानसाचा एवढा दोष, तं खऱ्याचा केवढा?"

पाळणा करकरत होता. गुरुजी धोतर झटकून उठले आणि म्हणाले, "ज्याची छाती असेल त्याने संकल्प सोडावा. मी पाणी द्यायला तयार आहे." चुलतभावांनी गुरुजींच्या हातातल्या पळीकडे पाहिलं, पोरीच्या लग्नाचा विचार केला असेल, आणि घुगऱ्यांचा द्रोण घेऊन खाली बसले. ती गोष्ट पुन्हा त्यांनी काढली नाही. पोरीचं लग्न पुढच्या वैशाखात साखरखेर्ड्याला झालंही, आत्म्याची काही हरकत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात आली. मला म्हणाली, "आण गं त्या बांगड्या इकडं. तुले काय घाई हाय?" आणि तिथेच पायरीवर बसून एकेक हातात चढवल्या.

मालककाका वेडे होते का? आई म्हणायची, अर्धे. बाबा म्हणायचे, त्या तंबूत शहाणा एकच माणूस होता. मला विचारशील तर त्यांनी डाव टाकला असं मला वाटत नाही. तो टोपीवाला त्यांना खराच होता. आणि ते खरं होतं म्हणूनच गुरुजींना त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

काकू पुढे पुष्कळ वर्षं जगली. नवरा आला नाही. तशी बातमीही नाही. मी चिखलीला सासरी आले, माझी मुलं झाली, वऱ्हाड कुठल्या कुठे जोडला गेला, तेव्हा ती गेली. सवाष्ण म्हणून गेली. हिरवं लुगडं, मळवट भरलेला, गावातल्या बायांनी ओटी भरली. मी गेले होते. मालककाका तोवर काठी टेकत चालणारे. तिचं सगळं त्यांनी केलं, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्या गुरुजींना म्हणाले, "पळसाची पानं आनवली हाय. भावाचं करून टाकू."

गुरुजी चकित. "आता? पक्की बातमी लागली का काही?"

"बातमी कायची," मालककाका म्हणाले. "आता दोष लागला तं एकट्या मलेच लागन." आणि काठी टेकत नदीकडे चालू लागले. आम्ही बायका दारापर्यंत गेलो, पुढे जायची रीत नाही. गाईच्या गोठ्यात कोणी नव्हतं, ओसरीवर कोणी नव्हतं, आणि त्या घरात आता मोठ्यानं बोलायला काही हरकत नव्हती, तरी आम्ही सगळ्या हळूच बोलत होतो.

बरं, हात दुखायला लागला. तू ते दोन्ही सिनेमे घेऊन ये. मी पाहीन, जुना आधी. फार लांबवू नकोस. सीताफळं उतरायला लागलीत आणि माझ्या डोळ्यांचं काही सांगता येत नाही. शनिवारी निघालीस तरी चालेल.